टॅबलेट गुरुवारी येतोय

ती. आई-बाबा, शि. सा. न.

आधीच सांगून टाकते, घरी बसून पुस्तकं वाचायला टॅबलेट मागवलाय, गुरुवारी बडोद्याला दांडियाबाजारच्या पत्त्यावर येईल, आता रद्द होत नाही (होतो, पण मी करणार नाहीये). बाबा, चिडू नका. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तुम्ही मांडवीपर्यंत स्कूटर काढता हे मला आईने नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं. सेंट्रल लायब्ररी सोडा असं म्हणतच नाहीये मी, रिक्षाने जा, हवं तेव्हा जा. पण तुम्हीच सांगायचात ना, सयाजीरावांनी १९१० ला लायब्ररी काढली आणि मग खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या, ज्याला येता येत नाही त्याच्यासाठी. तसलीच एक पेटी समजा.

दिवाळीतलं काही मनातून जात नाही हो. माझ्या टॅबलेटवर तुम्ही बोट दाबून धरलंत, शब्द निळा झाला, "बिघडलं गं" म्हणालात आणि मी तो हातातून ओढूनच घेतला. गुजराती शाळेमुळे मी मराठीसुद्धा बिनरेघेचं लिहायचे, तेव्हा रोज संध्याकाळी शेजारी बसून डोक्यावरच्या रेघा मारून घ्यायचात, वही कधी ओढली नाहीत.

तर, दाबायचं नाही, टिकली लावताना टेकवतो तेवढंच. उजव्या कडेला टेकवलं की पुढचं पान, डाव्या कडेला मागचं, मधोमध टेकवलं की वरखाली पट्ट्या येतात, तिथे अक्षर मोठं करायची खूण असते. ईपब म्हणजे स्क्रीनवर वाचायलाच बनवलेलं पुस्तक, त्यात अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. पीडीएफ म्हणजे छापलेलं पान जसंच्या तसं, मोठं केलं की ओळ बाहेर जाते आणि पान इकडेतिकडे ओढत बसायचं, वैताग नुसता! तिथे टॅबलेट आडवा धरा. जुनी स्कॅन केलेली पुस्तकं बहुतेक अशीच असतात.

आई, पान उलटायला बोट जिभेला लावायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते. आणि खुणेला बसचं तिकीट नको, बंद करून उघडलंस तरी तेच पान येतं. एकदा डाउनलोड केलेलं पुस्तक वायफाय गेलं तरी वाचता येतं, काही दिवस पुरतील एवढी पुस्तकं मी इथूनच पाठवतेय. कपाटातल्या एकाही पुस्तकाला हात लागणार नाही, रद्दीवाला बोलावणार नाही, शप्पथ.

रात्री अंथरुणात पडून नाही वाचायचं बाबा. अर्ध्या तासाने डोळे मिटून बसायचं, थेंब वेळेवर, चष्मा शर्टाने पुसायचा नाही. अडलं की रात्री नऊनंतर व्हिडिओ कॉल करा, दहादा करा. फोनवरून काही मला ओढून घेता येत नाही.

तुमची,
मनी