ग्युमरीची मुलं एप्रिलमध्ये येतायत, घरं हवीत आणि तिकिटाला हातभार हवा

मंडळी नमस्कार. वॉटरटाउनच्या आमच्या शाळेच्या पालक समितीतर्फे लिहितेय. बॉस्टनच्या आसपासच्या आपल्या घरांसाठी मुद्दाम मराठीत, कारण समितीत आम्ही तिघी मराठी आहोत आणि आपल्या माणसांकडे हक्काने मागता येतं.

तर विषय असा. आर्मेनियात येरेवानपासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर ग्युमरी शहर आहे. तिथल्या एका सरकारी शाळेतली १२ मुलं आणि २ शिक्षिका एप्रिलमध्ये दोन आठवडे इकडे येणार आहेत आणि उन्हाळ्यात आपली १२ मुलं तिकडे जाणार आहेत. वर्षभर दोन्ही वर्ग व्हिडिओ कॉलवर भेटतायत. आपल्याकडे सकाळचे ८ म्हणजे तिकडे दुपारचे ४, पण नोव्हेंबरात आपलं घड्याळ मागे गेलं, त्यांचं जात नाही, त्यामुळे आता तिकडे ५ वाजतात, थंडीत अंधार पडलेला असतो आणि कॉल संपला की त्यांच्या बाई एकेका मुलाला घरी सोडून मग स्वतःच्या घरी जातात. हे मला कळलं तेव्हा फार वाटलं हो.

या वर्षीचा प्रोजेक्ट होता, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक जुनी आठवण विचारायची. ग्युमरीच्या मुलांकडून जवळपास सगळ्या आठवणी एकाच दिवसाच्या आल्या, ७ डिसेंबर १९८८. तेव्हा शहराचं नाव लेनिनाकान होतं. सकाळी ११:४१ ला भूकंप झाला, पोरं वर्गात बसलेली. त्या पट्ट्यात २५,००० च्या आसपास माणसं गेली. एका मुलीने फोन फिरवून आजीचं जुनं घर दाखवलं, घर कसलं, पत्र्याचा डबाच, ते त्याला दोमिक म्हणतात. थोड्या दिवसांसाठी म्हणून दिलेले हे डबे, कित्येक कुटुंबांनी त्यात दोन-तीन दशकं काढली. मी मूळची लातूरकडची. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र, दमून झोपलेली माणसं आणि पहाटे चारच्या आधी किल्लारी. माझ्या मामाकडचे दोन पावसाळे पत्र्याच्या शेडमध्ये होते, पावसाचा आवाज इतका की आत बोललेलं ऐकू यायचं नाही. हे मी त्या मुलीला सांगितलं तर तिने आजीलाच कॅमेऱ्यासमोर आणून बसवलं, आजी आर्मेनियनमध्ये बोलतेय, नात इंग्लिश करून सांगतेय आणि माझा मुलगा शेजारी बसून लिहून घेतोय. किल्लारीचं त्यानेही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

अमेरिकेचं आणि ग्युमरीचं नातं जुनं आहे. ऑटोमन साम्राज्यात १९१५ मध्ये झालेल्या आर्मेनियन लोकांच्या नरसंहारातून वाचलेली हजारो अनाथ मुलं १९२० च्या दशकात ग्युमरीतच, म्हणजे तेव्हाच्या अलेक्झांड्रोपोलमध्ये, अमेरिकन लोकांच्या वर्गणीवर वाढली, मैदानात मुलांना उभं करून त्यातून ‘अमेरिका, आम्ही तुझे आभारी आहोत’ अशी अक्षरं केलेला फोटो प्रसिद्ध आहे. भूकंपानंतरही शीतयुद्ध बाजूला ठेवून अमेरिकेची विमानं मदत घेऊन तिकडे उतरली होती.

आता मागणं. पहिलं म्हणजे घर. पाच मुलांची सोय अजून व्हायचीय. वेगळी खोली नको, मुलांच्या खोलीत गादी टाकली तरी चालेल. घरातल्या १८ वर्षांवरच्या सगळ्यांचा कोरी (CORI) चेक, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, शाळा करून घेईल. जेवणाचं टेन्शन घेऊ नका, त्यांच्याकडे वांगी, टोमॅटो, मिरच्या भरून तोल्मा करतात, आपली भरली वांगी त्यांना परकी नाहीत, फक्त तिखट बेताने घाला. भाषेचंही नको, दाराला ते दुर म्हणतात, आणि आठवड्याभरात तुमच्या नावापुढे ‘जान’ लावायला लागतील. एक लक्षात ठेवा, २४ एप्रिलला त्यांचा त्या नरसंहाराचा स्मृतिदिन असतो, त्या दिवशी त्यांना डाउनटाउनच्या आर्मेनियन हेरिटेज पार्कला न्यायचंय, तेव्हा दुसरा बेत ठरवू नका.

दुसरं म्हणजे पैसे. येण्याजाण्याचं तिकीट माणशी दीड हजार डॉलरच्या घरात जातंय, म्हणजे १४ जणांचे २१,००० डॉलर. बेक सेल आणि दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी मिळून ११,००० जमले, १०,००० कमी आहेत. गेल्या वर्षी पैसे उशिरा जमले, तिकिटं महागली आणि शेवटच्या क्षणी चार मुलांना नाही म्हणावं लागलं, तो फोन मीच केला होता आणि तसला फोन मला परत करायचा नाहीये. म्हणून जानेवारीअखेर काय ते द्या, २० डॉलर दिलेत तरी पावती मिळेल आणि हिशोब दर महिन्याला शाळेच्या फळ्यावर लागेल.

फॉर्म शाळेच्या ऑफिसात ठेवलेत, चेक तिथेच द्या, शनिवारी सकाळी आमच्यातली एक जण कॅफेटेरियात बसलेली असते, प्रत्यक्ष येऊन विचारलंत तर उत्तम. घर देणं जमत नसेल तर एखाद्या रविवारी दोन मुलांना जेवायला न्या. जास्तीच्या गाद्या, ब्लँकेटं आणि मुलांच्या मापाची थंडीची जाकिटं पण हवीत, एप्रिलमध्ये इथे कधी काय हवा असेल सांगता येत नाही.