महर्द्धिक ते मर्देका

जाकार्ता,
१८ ऑगस्ट

प्रिय अविनाश,

काल इथला स्वातंत्र्यदिन. तेल चोपडलेल्या सुपारीच्या खांबावर पोरं चढत-घसरत होती आणि कमानींवर ‘दिर्गाहायू’ झळकत होतं. ते दीर्घायू, हे तुझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तरला सांगायला नकोच. पण ‘मर्देका’ कुठला, ओळख बघू!

मर्देका म्हणजे स्वतंत्र. मूळ शब्द महर्द्धिक. महा अधिक ऋद्धी, तुझी लाडकी गुणसंधी. गणपतीच्या शेजारी सिद्धीबरोबर असते तीच ही ऋद्धी. बौद्ध ग्रंथांत महर्द्धिक म्हणजे अलौकिक सामर्थ्य असलेला. जुन्या जावानी भाषेत तो श्रेष्ठ, ज्ञानी पुरुष झाला. मग जावात ज्या गावांना राजानं सारा माफ केला, ती ‘पर्दिकान’ गावं. आपली इनाम गावंच म्हण. म्हणजे श्रीमंती आणि मोठेपण मागे पडलं, उरलं ते ‘कुणाचं देणं लागत नाही’ एवढंच.

खरी गंमत डचांच्या काळातली. पोर्तुगीजांच्या ठाण्यांवरून पकडून आणलेले गुलाम, त्यांत मलबार, कोरोमंडल, बंगालकडचेही, बटाव्हियात, म्हणजे तेव्हाच्या जाकार्तात, मुक्त झाले की त्यांना ‘मार्डाइकर’ म्हणत. मार्डाइकर हा मर्देकाचाच डच अवतार. बोलणं पोर्तुगीज वळणाचं, धर्म ख्रिस्ती, पदरी बहुधा दमडी नाही, आणि नाव मात्र महर्द्धिक! त्यांचे वंशज उत्तर जाकार्तातल्या तुगू वस्तीत अजून आहेत. क्रोंचोंग हे पोर्तुगीज वळणाचं तंतुवाद्यांचं संगीत वाजवतात, ऐकण्यासारखं असतं.

१९४५ साली १७ ऑगस्टला इथले पुढारी सुकार्नो यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, त्यात हाच शब्द ‘कमर्देकाअन’ होऊन आला. पुढे ‘क’, मागे ‘अन’ जोडलं की विशेषणाचं भाववाचक नाम होतं: स्वतंत्रचं स्वातंत्र्य. शब्दाला दोन्हीकडून मिठी मारणारा असा प्रत्यय आपल्याकडे नाही, मला तो फार आवडतो. ‘ममर्देकाकन’ म्हणजे मुक्त करणं. त्याच जाहीरनाम्यातला ‘बांग्सा’, म्हणजे राष्ट्र, हा आपला वंश. घराण्याचा शब्द अख्ख्या देशाला पुरला.

नववीच्या वर्गात महर्द्धिकचा विग्रह घालून बघ. पोरं काय म्हणतात ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत