आणखी दोन वर्षं

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही "पुढच्या महिन्यात येतेस ना?" असं विचारलंत आणि मी विषय बदलला. तेव्हापासून मन खातंय. प्रयोगशाळेतला करार मी आणखी दोन वर्षांनी वाढवून घेतला आहे. सही करून आठवडा झाला. आधी विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघंही लगेच "जरूर राहा" म्हणाला असतात, आणि फोन ठेवल्यावर आई, तू कपाट आवरायला काढलं असतंस. मला ते ठाऊक आहे.

माझं काम कशाचं, हे आई दर वेळी विचारते आणि मी "धातूंचं" म्हणून उरकते. आज नीट सांगते. बाबा, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचे आठ बाजूंचे ठोकळे तुम्ही मला शिकवले होतेत. डिंक वाळेपर्यंत माझी बोटं तुमच्या बोटांखाली दाबून धरायचात. तसाच एकेक ठोकळा धरा: पोटात टंग्स्टनचा एक अणू, सहा कोपऱ्यांवर ऑक्सिजन. तीन-तीन ठोकळे कडांनी चिकटून चार गट होतात, गट एकमेकांना कोपऱ्यांनी जोडले जातात आणि मधल्या पोकळीत एक फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजनचा गट, बसतो. बारा टंग्स्टन, चाळीस ऑक्सिजन, रुंदी जेमतेम एक नॅनोमीटर. याचा मॉलिब्डेनमवाला पिवळा भाऊबंद रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने 1826 मध्येच पाहिला होता, पण पिंजऱ्याची ही रचना केगिनने क्ष-किरणांनी उलगडली ती 1933 मध्ये. शंभर वर्षं गेली मध्ये. त्यापुढे माझी दोन फार नाहीत ना?

अडचण आहे ती पिंजरा टिकण्याची. तीव्र आम्लात तो अख्खा राहतो. द्रावणाचा पीएच (तो जितका जास्त, तितका आम्लपणा कमी) 2 च्या आसपास गेला की एक टंग्स्टन निसटतो आणि अकरांचा, खिडकी पडलेला पिंजरा उरतो. अल्कली वाढवत नेली की शेवटी सगळंच सुटं होतं. अशा पिंजऱ्यांचा विषाणूंवर परिणाम होतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण रक्ताचा पीएच 7.4 च्या आसपास असतो. तिथे काम पिंजरा करतो की त्याचे तुकडे, हे न तपासता औषधाच्या गोष्टी करणं मला पटत नाही. तीस टंग्स्टनचा, पोटात सोडियम धरून बसलेला एक पिंजरा आहे, तो आम्लाबाहेरही चांगला तग धरतो. अकरांच्या खिडकीत दुसरा धातू बसवला तर आपलाही असा टिकेल का, एवढंच मला बघायचंय. हे अर्धवट टाकून आले असते तर घरी बसूनही मी तुमच्याजवळ नसते.

आणि ते दिसतं किती सुंदर! परवा या पिंजऱ्यांच्या आम्लातल्या, पाण्यासारख्या नितळ द्रावणात जस्ताची चिमूट टाकली. कणांभोवती आधी निळे धागे सुटले, मग सगळी बाटली गडद निळी झाली. पिंजऱ्याने इलेक्ट्रॉन घेतले आणि तरी तो मोडला नाही. झाकण उघडं ठेवलं तर हवा ते हळूहळू परत काढून घेते आणि निळा उतरतो. आई, तुझ्या त्या साडीचा रंग अगदी. मी बराच वेळ नुसती बघत बसले.

या पिंजऱ्यांचा स्फटिक ज्या द्रावणात वाढतो त्याला आम्ही मातृद्राव म्हणतो. बाहेर काढला की त्यातलं पाणी उडतं, तडे जातात, तो पांढरा पडतो. आई, हे लगेच स्वतःवर ओढून घेऊ नकोस, पुढचं वाच. तोच पांढरा चुरा पुन्हा आम्लाच्या पाण्यात विरघळवून तपासला तर आतला पिंजरा जसाच्या तसा असतो. मी इथे व्यवस्थित आहे. खोली उबदार आहे, वेळेवर जेवते, रात्री एकटी परतत नाही.

आता बाबा, ऐका. न्हाणीघरात धरायला दांडा याच आठवड्यात बसवून घ्या. पुढच्या आठवड्यावर ढकलायचं नाही. स्टुलावर चढायचं नाही, माळ्यावरचं काहीही खाली काढायचं नाही. गोळ्यांच्या डबीतले शनिवारचे कप्पे दोनदा भरलेले दिसले मला व्हिडिओत. रागावत नाही, पण आईला मोजू द्या. आणि किडनीच्या तपासणीत फॉस्फरस पुन्हा बघायला सांगा. बऱ्याच लॅबमध्ये तो मोजायला रक्ताच्या नमुन्यात आम्ल आणि मॉलिब्डेट, म्हणजे मॉलिब्डेनमचा क्षार, घालतात. तुमच्या रक्तातल्या फॉस्फेटभोवती मॉलिब्डेनमचा असाच पिंजरा उभा राहतो आणि प्रकाश किती शोषला गेला यावरून आकडा काढतात. तुमचा रिपोर्ट हातात घेतला की मला काय वाटतं, ते आता कळेल तुम्हाला.

डिसेंबरात पंधरा दिवस येते आहे, तिकीट काढलंय. आई, रिपोर्टचा फोटो या वेळी सरळ धरून काढ. मागच्या वेळी खालची ओळ कापली गेली होती.

तुमची,
धाकटी