कार्कस प्रत्यक्ष ऐकल्यावर

डिसेंबर २०२२

प्रिय डॉक्टर,

परवा कार्कस ऐकलं, आपल्या होस्टेलच्या दिवसांतला तो मेटल बँड. प्रत्यक्ष, स्टेजपासून चार-पाच रांगांवर उभं राहून. फोनवर सांगितलं असतं तर तू दोन मिनिटांत विषय बदलला असतास, म्हणून पत्र.

अमेरिकाभर चाललेला दौरा आमच्याकडे आला होता. एका रात्रीत चार बँड: सॅन दिएगोचे कॅटल डिकॅपिटेशन, फ्लॉरिडाचे ओबिच्युअरी, मग आपले लिव्हरपूलचे कार्कस आणि शेवटी स्वीडनचे अमॉन अमार्थ. बाहेर थंडी मी म्हणत होती आणि हॉलमध्ये पहिल्या गाण्यालाच सगळ्यांनी जॅकेटं काढून कमरेला बांधली.

कॅटल डिकॅपिटेशनचा गायक ट्रॅव्हिस रायन तू बघायलाच हवास. या गाण्यांतला घोगरा गुरगुराट स्वरतंतूंच्या वरच्या घड्यांमधून काढतात, हे तूच मला कधीतरी चित्र काढून समजावलं होतंस. हा माणूस त्या खरखरीत चक्क सूर लावतो. गाणी प्राण्यांच्या कत्तलीची, माणसाने पृथ्वीची जी दशा केली त्याची. ड्रमचे ठोके इतके दाट की सुटा ठोका कानाला लागतच नाही, नुसती सलग थरथर. गिटार मात्र सुरुवातीला त्यात पार बुडाली होती.

ओबिच्युअरी त्याच्या अगदी उलट. गाणारा जॉन टार्डी, ड्रमवर त्याचा भाऊ डोनाल्ड. १९८९ सालच्या पहिल्या अल्बमपासून यांची चाल तशीच, जड आणि संथ. सुरुवातीच्या गाण्यांत कित्येक ठिकाणी जॉनच्या ओरडण्याला शब्दच नाहीत. मला वाटतं, वेगापेक्षा हा संथपणा जास्त अवघड आहे. एक रिफ, म्हणजे गिटारची तीच ती फिरत राहणारी धून, संपून दुसरी येईपर्यंत जी पोकळी राहते, तिच्यात अख्खा हॉल मान खाली घालून थांबलेला असतो. बास छातीच्या पिंजऱ्यात जाणवतो. हेडफोनवर यातलं काहीही पोचत नाही रे.

आणि मग कार्कस. जेफ वॉकर आणि बिल स्टीअर, दोघंही आपल्यापेक्षा मोठे, आणि बिलची बोटं अजून तशीच. आपली १९९३ची ‘हार्टवर्क’ची कॅसेट आठवते? आणि त्याआधीच्या गाण्यांतले शब्द? तू फॉरेन्सिकचा अभ्यास सोडून मेडिकल डिक्शनरीत ते एकेक शब्द शोधायचास आणि सापडला की होस्टेलचा व्हरांडा दणाणून सोडायचास. पहिल्या अल्बमच्या कव्हरवर शवविच्छेदनाच्या फोटोंचं कोलाज होतं, म्हणून तुझ्या रूम पार्टनरने ती कॅसेट खोलीत ठेवू दिली नव्हती. त्याला कुठे ठाऊक होतं की हे लोक मांस खात नाहीत आणि प्रेतांबद्दल लिहितात ते मांसाकडे मांस म्हणून बघायला लावण्यासाठी!

२०२०नंतर तू म्हणालास, “मी रोज खरं मरण बघतो, आता गाण्यात नको.” तेव्हा मी काही बोललो नाही. आयसीयूत तू काय काढलंस ते मी लांबून ऐकलंय फक्त, त्यावर बोलायचा मला अधिकारही नाही. पण परवा तुझं ते वाक्य सारखं मनात येत होतं. कार्कसचा गेल्या वर्षीचा अल्बम आहे, ‘टॉर्न आर्टरीज’. कव्हरवर भाज्यांनी रचलेलं हृदय आहे आणि तेच हृदय टप्प्याटप्प्याने सडत गेलेलंही दाखवलंय. मृतदेहाच्या विघटनाच्या अवस्था रंगवायची जपानमध्ये जुनी परंपरा आहे, कल्पना तिथून आली. यात मरणाची चैन नाही. आपण ज्याच्यावर चादर ओढतो, त्याच्याकडे हे लोक बघतात आणि त्याचं संगीत करतात. हजारभर अनोळखी माणसं एका लयीत मान हलवत ते ऐकत होती आणि मला फार मोकळं वाटलं, बाबांच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच इतकं.

त्यांच्या जुन्या ड्रमरची, केन ओवेनची गोष्ट तुला माहीत आहे का? १९९९मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, कित्येक महिने कोमात होता. पुन्हा तसं वाजवणं काही जमलं नाही. पण २००८मध्ये बँड परत एकत्र आला तेव्हा त्याला स्टेजवर आणायचे, थोडा वेळ ड्रमवर बसवायचे आणि लोक त्याच्यासाठी ओरडायचे. असा पेशंट तू कधी घरी पाठवला असशील तर त्या गर्दीला काय वाटलं असेल ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

अमॉन अमार्थबद्दल थोडक्यात. व्हायकिंगांच्या लढाया, झेंडे, आगीचा थाट. एका गाण्याला सगळी गर्दी जमिनीवर ओळीने बसून वल्ही मारते. मजा आली, पण माझा जीव तोवर भरला होता.

आता काम ऐक. ‘टॉर्न आर्टरीज’ एकदा सलग ऐक, दवाखान्यातून घरी जाताना गाडीत ऐकलास तरी चालेल. नाहीच सहन झालं तर बंद कर, पण मला तसं कळव. आणि पुढच्या दौऱ्याचं तिकीट मी काढतो, रजा तू टाक. इअरप्लग चांगले घे. तिथला आवाज शंभर डेसिबलच्या बराच वर जातो आणि तुला दुसऱ्या दिवशी पेशंटची छाती ऐकायची असते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मन्या