सही माझीच आहे

डोंबिवली, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

सहा महिने पत्र नाही की फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक, शुगरची गोळी चालू आहे.

मंगळवारी आपल्या प्रयोगशाळेतला एक ससा गेला. गेला कसला, आम्हीच घालवला. नवीन पोरगा आलाय, सुनील. चिपळूणकडचा, हात मऊ, पण कामाची घाई फार. पिंजऱ्यातून काढताना त्यानं मानेची कातडी बरोबर धरली, पण मागच्या पायांखाली हात द्यायचा राहिला. सशानं हवेत एकच लाथ झाडली. खडू मोडावा तेवढाच आवाज. मागचं धड लुळं पडलं. कणाच गेला होता, मग डॉक्टरीणबाईंनी तिथंच इंजेक्शन देऊन त्याला सोडवलं. पोरगा कितीतरी वेळ ॲप्रनला हात पुसत होता. हात कोरडेच होते.

आता खरी गोष्ट. ट्रेनिंगच्या रजिस्टरात 'ससा हाताळणे : येते' यापुढे सही माझी आहे. उंदीर, गिनीपिग धरताना मी त्याला बघितलं होतं. सशाच्या दिवशी कुर्ल्याला पाणी भरलं, मी गाडी पकडायला पळालो आणि दुसऱ्या दिवशी न बघताच सही ठोकली. हे कुणालाच ठाऊक नाही.

पोरगा तोंडी सगळं धडाधड सांगतो रे. खोलीचं तापमान १८ ते २९, बारा तास उजेड, बारा तास अंधार, १९५९ सालचे ते तीन 'आर', म्हणजे जमेल तिथं प्राण्याऐवजी दुसरा मार्ग, कमी प्राणी, कमी त्रास. आपल्याला काम शिकवणाऱ्या मामांनी महिनाभर ससा हातात दिला नव्हता, आठवतं? ओला टॉवेल गुंडाळून द्यायचे, 'थेंब पडला तर चहा तुझा!' तू तर अर्ध्या खात्याला चहा पाजलास.

आणि हो, शेपटीच्या भांडणात तू जिंकलास. लिव्हरपूलच्या लोकांनी २०१०मध्येच दाखवून दिलंय, शेपटीला धरण्यापेक्षा नळीतून किंवा ओंजळीत उचललेला उंदीर कमी बिचकतो. आमच्याकडे आता नळ्या आल्यात. पोरं त्यांना 'लोकल' म्हणतात, फक्त इथं उंदीर धक्के न खाता आत शिरतो. गिनीपिगांना पेरू चारायचास ते मात्र बंद. त्यांचं सी जीवनसत्त्व आता खाद्यातूनच येतं.

शुक्रवारी प्राण्यांवरच्या प्रयोगांवर नजर ठेवणाऱ्या समितीची बैठक आहे. अहवालात 'हाताळताना अपघात' एवढंच लिहिलंय, म्हणजे खापर सुनीलवर. तो गप्प आहे. मी बोललो तर निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना शेरा पडणार. आणि तू परत म्हणशील, 'तुझं नेहमीचंच, गाडी आधी.' म्हण.

वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? चिनूला बारावीला किती पडले? पेढे पाठव.

काल घरून जुना टॉवेल नेला. सुनीलनं दहा वेळा धरला, अकराव्याला थेंब पडला. चहा त्यानंच पाजला. मला तो गिळवेना.

शुक्रवारच्या आत फोन कर. रात्री नऊनंतर, ही झोपल्यावर.

तुझा,
दिन्या