सिस्टर, त्या २० मिनिटांबद्दल मनापासून आभार

प्रिय सिस्टर,

तुमचे आभार समोर मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. लेकाच्या हातावर उकळतं पाणी सांडलं तेव्हा तुम्ही जे केलंत, ते घराघरांत माहीत असायला हवं, असं मला फार वाटतं.

तुम्ही आलात तेव्हा आमच्याकडे नुसता गोंधळ होता. एक जण बर्फ शोधतोय, सासूबाई टूथपेस्टची ट्यूब उघडून उभ्या, आणि लेकाचा आक्रोश. तुम्ही आधी त्याची भिजलेली बाही सोडवलीत, कारण गरम पाण्यानं भिजलेलं कापड कातडीला चटके देतच राहतं. कापड चिकटलेलं असतं तर ओढायचं नाही, आजूबाजूनं कापायचं, हेही हात चालू असतानाच सांगितलंत. सूज चढायच्या आत मनगटातलं ब्रेसलेट काढलंत. मग हात थेट नळाखाली. सासूबाईंच्या हातातली ट्यूब अलगद बाजूला ठेवून म्हणालात, "आजी, तुम्ही घड्याळ बघा. २० मिनिटं होईपर्यंत कुणालाही नळ बंद करू देऊ नका." घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही दुखावलं नाहीत, उलट कामाला लावलंत. याचे आभार वेगळे मानते.

ती २० मिनिटं संपता संपेनात. थोड्याच वेळात लेक म्हणाला, "आता नाही दुखत." त्याच्या बाबांचा हात नळाकडे गेला आणि तुम्ही तो अडवलात. गॅस बंद केला तरी तवा तापलेलाच असतो, तशी कातडीत शिरलेली उष्णता नंतरही आत आत जात राहते आणि जखम खोल होते, असं समजावलंत. नळाचं साधं वाहतं पाणी ती उष्णता काढून घेतं. बर्फानं मात्र रक्तवाहिन्या आकसतात, भाजलेल्या कातडीला आधीच कमी पडणारं रक्त आणखी कमी होतं आणि इजा वाढू शकते. पाणी लगेच मिळालं नाही तरी पहिल्या ३ तासांत कधीही हात नळाखाली धरला तर फायदा होतो, हे मला तेव्हाच कळलं. मधेच तुम्ही चादर मागवून त्याच्या अंगाभोवती गुंडाळलीत. मुलांचं अंग लवकर गार पडतं, म्हणून पाणी फक्त भाजलेल्या जागेवर, बाकीचं अंग उबेत.

टूथपेस्ट, लोणी, तेल यांचं तुम्ही नंतर शांतपणे सांगितलंत. त्यांनी आतली उष्णता अडकून राहते, कातडी चुरचुरते, आणि डॉक्टरांना जखम बघायची तर तो थर आधी खरवडावा लागतो. म्हणजे त्याच जागी पुन्हा वेदना.

पाणी झाल्यावर तुम्ही अन्न झाकायची पातळ पारदर्शक फिल्म मागितलीत, तेव्हा मी बघतच राहिले. वरचा वेढा टाकून दिलात, आतला तुकडा हातावर लांबट ठेवलात; गोल गुंडाळला नाही, कारण हात सुजला की तो आवळला असता. जखमेला वारा लागायचा थांबला आणि लेकाचा चेहरा सैल झाला. फोडांना हात लावायचा नाही, वरची कातडी हेच त्यांचं संरक्षण, हे तुम्ही त्याला त्याच्या भाषेत पटवलंत. वजनाच्या हिशोबानं पॅरासिटामॉल किती द्यायचं तेही सांगितलंत.

आणि मग तुम्ही आम्हाला डॉक्टरांकडे धाडलंत. हात शांत झाला होता, आम्ही घरीच थांबलो असतो. पण लहान मूल आणि त्यात फोड, म्हणजे दाखवायचंच, यावर तुम्ही अडून बसलात. तुम्ही लिहून दिलेला कागद आता आमच्या फ्रिजवर आहे: भाजलेली जागा त्या माणसाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी असेल; चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजलं असेल; विजेनं किंवा रसायनानं भाजलं असेल; कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, तर घरी थांबायचं नाही. शेवटच्या ओळीखाली तुम्ही रेघ मारली आहे: "दुखत नसेल तर जास्त घाबरा." कारण खोल भाजलं की तिथल्या नसाच जळतात. नंतर लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला, तरी परत दाखवायचं, हेही त्यात आहे.

डॉक्टरांनी धनुर्वाताची इंजेक्शनं वेळेवर झाली आहेत ना ते विचारलं, जखम पाहिली आणि पाणी किती वेळ धरलं होतं याची चौकशी केली. सासूबाईंनी मिनिटांसकट उत्तर दिलं.

जखम भरली आहे. नवी कातडी अजून गुलाबी आहे. उन्हात जाताना ती झाकतो, बिनवासाचं मॉइश्चरायझर लावतो. तुम्ही त्या दिवशी रात्रपाळी करून नुकत्या घरी आला होतात, हे मला फार उशिरा कळलं. झोप सोडून आमच्या नळापाशी तेवढा वेळ उभ्या राहिलात. आमच्या सगळ्या घराकडून तुमचे खूप खूप आभार.

तुमची,
खालच्या मजल्यावरची शेजारीण