प्रार्थनेत त्यांचे कामही यावे

‘आफ्रिकेतील मंडळ्यांसाठी प्रार्थना करा’ हे रविवारच्या अंकातील आवाहन वाचले. भावना मान्य, पण त्यात आफ्रिकी मंडळ्या (म्हणजे तिथले स्थानिक ख्रिस्ती समुदाय) केवळ मदतीची वाट पाहणाऱ्या दिसतात, ते पटले नाही. उदाहरणार्थ, २०१४मध्ये पसरलेल्या इबोला या विषाणूजन्य आजाराच्या साथीत गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन येथे ११ हजारांहून अधिक माणसे दगावली. मृतदेहाला अंघोळ घालण्याच्या रूढीमुळे संसर्ग पसरे. किमान २० टक्के लागण दफनविधीतून होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. नुसत्या सरकारी हुकमाने लोक बधले नाहीत, काहींनी मृतदेह लपवले. अखेर नोव्हेंबर २०१४मध्ये ख्रिस्ती व मुस्लिम संस्थांच्या सल्ल्याने दफनविधीची नवी नियमावली आली. तिच्यात कुटुंबीयांची उपस्थिती आणि प्रार्थना यांना जागा होती. पाद्री आणि इमाम या दोघांनीही ती लोकांच्या गळी उतरवली. (कोविडकाळात अंत्यदर्शनाला मुकलेल्यांना याचे मोल सांगायला नको.) आज जगातील सुमारे ३० टक्के ख्रिस्ती सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत राहतात, युरोपपेक्षा जास्त! पुढील लेखात पूर्व काँगोतील हिंसाचाराबरोबरच तिथल्या मंडळ्या चालवत असलेल्या शाळा-दवाखान्यांविषयीही लिहावे, ही विनंती.

— एक वाचक, वसई